ओव्हर कोणाला द्यायची?

कोविडची दुसरी लाट आधी आमच्याकडे, वऱ्हाडात आली. 1 फेब्रुवारी 2021 ला मुंबईची लोकल सर्वसामान्यांसाठी सुरू झाली, तेव्हा राज्यभर 'सुटलो एकदाचे' असं वातावरण होतं. आमच्याकडे ग्रामपंचायतीच्या निवडणुका नुकत्याच उरकल्या होत्या, लग्नसराई होती, बाजारात मास्क हनुवटीवर उतरला होता. महिना अर्धा सरतो न सरतो तोच अमरावती-अकोल्यातल्या खाटा भरायला लागल्या. 22 फेब्रुवारीच्या रात्री आठपासून अमरावती शहर आणि अचलपूर पुन्हा बंद झालं. पाठोपाठ अकोला, अकोट, मूर्तिजापूर. पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करून विचारायचे, "तुमच्याकडे म्हणे काहीतरी वेगळाच व्हायरस निघाला?" त्या विषाणूचं नाव-गाव प्रयोगशाळांमध्ये ठरायचं होतं, तोवर आमचे वॉर्ड भरून व्हरांड्यात खाटा लागल्या होत्या.

मी तेव्हा अकोल्याला सरकारी नोकरीत अधिपरिचारिका होते. माहेर आणि सासर दोन्ही अमरावतीचं. कोविडच्या दिवसांबद्दल मला बरेचदा विचारलं जातं, आणि प्रश्न बहुतेक ठरलेला असतो : भीती वाटली नाही का? वाटली. पण भीतीने आमच्यातलं कोणी मोडलं नाही. पहिल्या लाटेत भीती सगळ्यात जास्त होती आणि तेव्हा आम्ही धडधाकट होतो. मोडलो ते नंतर, भीती कमी झाल्यावर. असं का झालं, हे मी बरीच वर्षं मनाशी जुळवून पाहते आहे.

पहिला उन्हाळा आठवतो तो घामाने. 2020 च्या एप्रिलमध्ये आधी अमरावतीत, मग अकोल्यात पहिले रुग्ण सापडले. हाथीपुरा आणि बैदपुरा ही दोन मोहल्ल्यांची नावं रातोरात सगळ्यांच्या तोंडी झाली. मे महिन्यात अकोल्याचा पारा 47 अंशांवर गेला. वऱ्हाडातला उन्हाळा माणूस कूलरच्या भरवशावर काढतो; आणि कोविड वॉर्डात कूलर बंद, कारण वारा फिरवायचा नाही. अंगात पीपीई किट. ग्लोव्हजवर दुसरे ग्लोव्हज, मनगटाला चिकटपट्टी, डोळ्यांवर गॉगल, त्यावर फेस शील्ड. कोण कोण आहे ते ओळखू यावं म्हणून छातीवर मार्करने नाव लिहायचं. अर्ध्या तासात गॉगल आतून धुरकट व्हायचा. मग शीर शोधायची ती नजरेने नाही, बोटाच्या अंदाजाने, तीही दोन रबरांच्या आडून. सहा तास पाणी नाही, लघवीला जाणं नाही. पाळीच्या दिवसांत काय करायचं, हे कोणत्याही परिपत्रकात नव्हतं. ते आम्ही एकमेकींना कानात सांगितलं. ड्युटी संपून ग्लोव्हज काढले की बोटांतून अक्षरशः धार लागायची आणि पंजा दिवसभर धुणं धुतल्यासारखा पांढराफटक, सुरकुतलेला असायचा.

तरीही त्या उन्हाळ्यात आम्ही हसत होतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 हे परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून आधीच जाहीर केलं होतं, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला दोनशे वर्षं झाली म्हणून. "आपलं वर्ष भारीच साजरं होऊन राह्यलं," असं एक जण म्हणाली की बाकीच्या किटच्या आत खदखदायच्या.

हसू शकलो याचं कारण साधं होतं. सुरुवातीला ठरावीक दिवस कोविड ड्युटी झाली की आम्हाला विलगीकरणात पाठवायचे. शहरातल्या एखाद्या लॉजमध्ये एकेक खोली, दाराशी जेवणाचा डबा. पहिले दोन दिवस नुसती झोप. मग घरी फोन, कपडे धुणं, टीव्हीवर जुने सिनेमे. हे विलगीकरण आमच्यासाठी नव्हतंच. आमच्यामुळे दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून होतं. पण त्यात नकळत आम्हाला विसावा मिळत होता. 15 मे 2020 ला केंद्राची नवी सूचना आली : पुरेशी संरक्षक साधनं वापरणाऱ्या आणि थेट धोक्याचा संपर्क न झालेल्या कर्मचाऱ्यांना विलगीकरणाची गरज नाही. संसर्गाच्या हिशेबाने ती सूचना बरोबरही असेल. पण विलगीकरण गेलं तसा त्याच्या पोटातला विसावाही गेला आणि त्याच्या जागी दुसरं काही द्यायला हवं, हे कोणाला सुचलं नाही. विषाणूचा हिशेब झाला, माणसाचा राहून गेला.

हे मला ज्या बाईने सगळ्यात आधी सांगितलं ती आमच्या वॉर्डातली सफाईची मावशी. कंत्राटी, महिन्याचा पगार कधी वेळेवर नाही. त्या वर्षीच्या पोळ्याला बंदी होती, बैल भरले नाहीत. आदल्या दिवशी ती बादली खाली ठेवून म्हणाली, "आज खांदशेकणी हाय जी, बाई. सालभर जू ओढते म्हून बैलाचे बी खांदे आज हळद-तुपानं शेकतेत. आपले कोन शेकते?" मार्चमध्ये लोकांनी आमच्यासाठी थाळ्या वाजवल्या होत्या, मे महिन्यात देशभर हॉस्पिटलांवर हेलिकॉप्टरमधून फुलं पडली होती. त्याचा राग नव्हता. कौतुक कोणाला आवडत नाही? पण पोळ्याला बैलाच्या अंगावर झूल टाकतात ती दुसऱ्या दिवशी. आधी खांदा शेकतात. आम्हाला झूल मिळाली होती.

पहिली लाट ओसरली तशी कोविडसाठी घेतलेली कंत्राटी मुलं-मुली राज्यभर कमी केली गेली. आमच्याबरोबर उन्हाळा काढलेल्या पोरी एका आदेशाने घरी बसल्या. कायम नोकरीवाल्या आम्ही परत मूळ वॉर्डांत गेलो, आणि तिथे तुंबलेली ऑपरेशनं, थांबलेले डायलिसिसचे रुग्ण, अर्धवट सुटलेले क्षयरोगाचे उपचार आमची वाट पाहत होते. जानेवारीत दोन गोष्टी झाल्या. 9 तारखेला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून 10 बाळं गेली. पुढे कारवाई झाली त्यांत परिचारिकाही होत्या. त्या रात्री विदर्भातल्या प्रत्येक नर्सने स्वतःला एकच प्रश्न विचारला असेल : माझ्या नाईटला आम्ही कितीजणी असतो? आणि 16 तारखेपासून लसीकरण सुरू झालं, म्हणजे आणखी एक ड्युटी. माणसं तीच.

अशा अवस्थेत आम्ही फेब्रुवारीत शिरलो. राज्याच्या इतर भागांना निदान अमरावती-अकोल्याकडे बघून काही आठवडे तयारीला मिळाले. आम्हाला बघायला पुढे कोणी नव्हतं.

ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला वॉर्ड सोपवण्याला आम्ही 'ओव्हर देणं' म्हणतो. खाटेखाटेने जायचं : चार नंबर, ऑक्सिजन किती लिटरवर, सॅच्युरेशन किती, इन्सुलिन दिलं की नाही, मुलाला फोन लावून द्यायचा राहिलाय. ओव्हर नीट दिली की डोकं मोकळं होतं. वॉर्ड आता दुसरीच्या ताब्यात, आपण घरी. नर्सिंगच्या नोकरीत माणूस तीस-पस्तीस वर्षं टिकतो तो या एका रिवाजामुळे, असं माझं मत आहे. त्या मार्च-एप्रिलमध्ये ओव्हर घ्यायलाच कोणी येईना. रिलीव्हर पॉझिटिव्ह निघालेली, तिच्या जागी येणारी आधीच दुसऱ्या वॉर्डात डबल करतेय. इन्चार्ज सिस्टरचा फोन यायचा, "थांबशील का गं आजच्या दिवस?" आणि 'आजचा दिवस' रोजचा झाला.

भारतीय परिचर्या परिषदेचे निकष आम्ही शिकतानाच पाठ केलेले असतात. अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका. शिवाय एकूण संख्येवर 30 टक्के जादा जागा, रजा आणि आजारपणात बदली माणूस मिळावा म्हणून. परीक्षेत हे लिहून मार्क मिळवले. प्रत्यक्षात ते 30 टक्के मी नोकरीत कधी पाहिले नाहीत. साध्या दिवसांतही मूळ मंजूर जागांतल्याच कितीतरी रिकाम्या असतात. म्हणजे महामारी येण्याच्या आधीच आमच्याकडे बदली माणूस नव्हता. महामारीने ते फक्त उघड केलं.

त्या दिवसांतला एक माणूस सांगते. तेल्हाऱ्याकडचा शेतकरी, साठीच्या आसपासचा. तोंडावर ऑक्सिजनचा पिशवीवाला मास्क, तरी तो सारखा काढून बोलायचा. "सिस्टर, वावरात हरभरा उभा हाय जी. सोंगाले मानसं भेटत नाईत. मी गेलो नाई तं सारे घाटे झडतीन." मी म्हणायचे, "काका, बोलू नका, पालथे झोपा." तो पालथा व्हायचा, आणि मी दुसऱ्या खाटेकडे वळले की उशीवरून परत विचारायचा, "आभाय तं नाई ना आलं बाहेर?" फेब्रुवारी-मार्चमध्ये वऱ्हाडात अवकाळी येते, गारा पडतात, त्याची चिंता खरी होती. खिडकीतून बघून मी त्याला रोज आभाळ सांगायचे.

एका पहाटे तो गेला. सगळं करून झालं, डॉक्टरांनी वेळ लिहिली. रुग्णाच्या चीजवस्तूंची नोंद करायची असते, ती मी केली : चष्मा एक, मोबाइल एक, चार्जर एक, गमछा एक, तंबाखूची डबी एक. नोंद पूर्ण झाली आणि मला दिसलं की माझं अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं आहे. हात थरथरला नव्हता. मनात आलेला पहिला विचार होता : दहा नंबर मोकळा झाला, कॅज्युअल्टीला कळवायला पाहिजे. रडू येत नव्हतं हे तर खरंच. पण ते येत नाही याचं वाईटही वाटत नव्हतं. बाजूला उभ्या मैत्रिणीनेही तेच विचारलं, "दहा रिकामा ना?" आम्ही दोघी वाईट बायका नव्हतो. आदल्या वर्षी याच वॉर्डात पहिला मृत्यू झाला तेव्हा आम्ही किटच्या आत रडलो होतो आणि गॉगलमुळे डोळे पुसता येईनात म्हणून तशाच फिरलो होतो.

पुढे वाचनात आलं की या अवस्थेचा अभ्यास झालेला आहे. क्रिस्टिना मास्लॅक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी तिच्या तीन खुणा सांगितल्या आहेत : शरीर-मन निथळून जाणं, समोरच्या माणसाबद्दल कोरडेपणा येणं, आणि आपण करतोय त्याचा काही उपयोग नाही असं वाटणं. दुसरी खूण वाचली आणि मला तेल्हाऱ्याचे काका आठवले. आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. 2019 मध्ये, म्हणजे कोविडच्या आधीच, जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या वर्गीकरणात 'बर्नआउट'ची नोंद केली, आणि ती करताना स्पष्ट लिहिलं की हा आजार नाही. कामाच्या ठिकाणचा, सतत चालू राहिलेला आणि नीट न हाताळलेला ताण यातून होणारी ही घटना आहे. म्हणजे दोष शोधायचाच तर तो नर्सच्या मनात नाही, ड्युटी लिस्टमध्ये शोधावा लागतो.

आमच्याकडे शोधला गेला तो मनात. दुसरी लाट उतरल्यावर ताणमुक्तीचं एक शिबिर झालं. वेळ सकाळी साडेआठची. नाईट करून आलेल्या आम्ही तशाच सतरंजीवर बसलो. वक्ते चांगले होते, तळमळीने बोलत होते. श्वासावर लक्ष द्या म्हणाले. आम्ही दीड वर्ष दुसऱ्यांच्या श्वासावरच लक्ष दिलं होतं. डोळे मिटायला सांगितल्यावर निम्मा हॉल खरोखर झोपला, एक जण तर घोरायला लागली. वक्त्यांना वाटलं ध्यान लागलं. मला अजून वाटतं, त्या दिवशी माइक बंद करून सगळ्यांना तशाच दोन तास झोपू दिलं असतं, तर शिबिर शंभर टक्के यशस्वी झालं असतं.

दवाखान्याबाहेर हीच कथा दुसऱ्या वेशात चालू होती. माझी मावसबहीण मेळघाटाच्या पायथ्याच्या गावात आशा आहे. सप्टेंबर 2020 मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत तिच्या हाती तापमापक यंत्र आणि ऑक्सिमीटर देऊन तिला दारोदार पाठवलं. लोक दार लावून घ्यायचे, कोणी म्हणायचं तूच रोग घेऊन आलीस. हे सगळं अल्प मानधनावर, कारण आशा ही कागदोपत्री 'स्वयंसेविका'. जून 2021 मध्ये राज्यातल्या सत्तर हजारांच्या घरातल्या आशा संपावर गेल्या. आठवडाभराने तोडगा निघाला : 1000 रुपये मानधनवाढ आणि 500 रुपये कोविड भत्ता. त्याच महिन्यात सरकारी परिचारिकांनीही राज्यभर काम थांबवलं. मागण्यांमध्ये रिक्त पदं कायमस्वरूपी भरा ही होती आणि कोविड ड्युटीनंतरची सुट्टी परत द्या हीसुद्धा. पेपरमध्ये 'ऐन साथीत संप' असे मथळे आले. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला, आणि त्याच महिनाअखेरीस महाराष्ट्रातल्या परिचारिका बाह्यस्रोतातून भरती करण्याविरुद्ध पुन्हा रस्त्यावर होत्या. पुरस्कार आणि संप एकाच महिन्यात. बहिणीला मी पुरस्काराचं कळवलं तर ती म्हणाली, "बरं झालं वं. मागच्या महिन्याचं मानधन आलं का तुह्या ऐकण्यात?"

कधी कधी मला सांगितलं जातं की संकटात रात्रंदिवस काम करावंच लागतं, त्याला इलाज नसतो. रात्रंदिवस काम कसं करतात हे आम्ही वऱ्हाडातल्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. अमरावती-अकोला महामार्ग वर्षानुवर्षं रखडलेला होता. बंदच्या काळात मी ड्युटीसाठी त्याच खड्ड्यांतून मिळेल त्या वाहनाने ये-जा केली आहे. जून 2022 मध्ये त्याच रस्त्यावर एका मार्गिकेचं 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत अखंड पूर्ण झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. काम क्षणभर थांबलं नाही. पण त्यासाठी सातशेच्या वर माणसं पाळ्या लावून उभी केली होती. एका माणसाला कोणी 105 तास उभं केलं नाही. काम अखंड चालवायचं असेल तर माणूस बदलावा लागतो, ही गोष्ट रस्त्याच्या ठेकेदाराला कळते. दवाखान्यात मात्र आपण काम अखंड ठेवतो आणि माणूसही तोच ठेवतो, आणि त्याला सेवाभाव म्हणतो.

सेवाभाव खोटा आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या अमरावतीत 1946 साली दाजीसाहेब पटवर्धनांनी तपोवनात कुष्ठरुग्णांसाठी काम उभं केलं. त्या मातीत वाढलेल्या माणसाने सेवेला नावं ठेवायची नसतात. पण आपल्याकडे झालं असं की ज्या जागी माणूस नेमायचा तिथे सेवाभाव नेमला गेला. त्याला पगार लागत नाही, रजा लागत नाही, निवृत्तिवेतन तर नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जानेवारी 2020 ते मे 2021 या काळात जगभरात 80 हजार ते 1 लाख 80 हजार आरोग्य कर्मचारी कोविडने गेले. त्यांची निदान मोजदाद झाली. जे जिवंत राहिले आणि आतून कामाला मुकले त्यांची कोणी केली नाही. आमच्यातल्या एकीने पेन्शनला काही वर्षं उरली असताना स्वेच्छानिवृत्ती घेतली. ती आता परतवाड्याला शिवणकाम करते आणि दवाखान्याच्या रस्त्याने जात नाही. एक मुलगी आखाती देशात गेली. मावशीचं कंत्राट बदललं, नवीन ठेकेदाराने जुनी माणसं घेतली नाहीत. मी राहिले.

माझा कोरडेपणा गेला, पण आपोआप नाही गेला. 2021 च्या पावसाळ्यात सलग रजा मिळाली आणि मी ती माहेरी काढली. काही विशेष केलं नाही. आईच्या हातचं खाल्लं, दुपारी झोपले. रजेच्या शेवटी शेवटी शेजारची म्हातारी वारल्याचं कळलं आणि मला रडू आलं, माझ्या मानाने जरा जास्तच. आई घाबरली. मला बरं वाटलं. कोणत्या औषधाने गुण आला असेल तर तो रजेने आला, हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

आता मी इन्चार्ज आहे, म्हणजे ड्युटी लिस्ट माझ्या हाताने होते. पूर्वी लिस्ट करताना आधी ड्युट्या भरायच्या आणि उरलं तर ऑफ, अशी पद्धत होती. मी उलटं करते. आधी सगळ्यांचे नाईट ऑफ आणि साप्ताहिक सुट्ट्या टाकते, त्यापुढे रिलीव्हरचं नाव, मग बाकीचं. नव्या मुलींना यात काही विशेष वाटत नाही, आणि वाटूही नये. त्या विचारतात ते एवढंच की, मॅडम, रिलीव्हरच्या रकान्यात काही दिवशी नावच नाही.

नसतंच. त्या दिवसासाठी मी वरिष्ठांना पत्र लिहिते : अमुक तारखेला अमुक पाळीत बदली परिचारिका उपलब्ध नाही, नियुक्ती व्हावी ही विनंती. माणूस दर वेळी मिळतो असं नाही. मेट्रन मॅडम एकदा हसून म्हणाल्या, "अहो, उत्तर येत नाही माहीत असून लिहिता कशाला?" मी म्हटलं, मॅडम, फेब्रुवारी 2021 मध्ये आमच्याकडे माणसं कमी होती याचा कागद आज कुठे सापडतो का बघा. पुढच्या वेळी तो सापडायला पाहिजे. म्हणून प्रत्येक पत्रावर मी जावक क्रमांक टाकून घेते आणि स्थळप्रत फाइलला लावते. फाइल आता चांगली जाडजूड झाली आहे. ती वॉर्डच्या कपाटात, इंजेक्शनच्या रजिस्टरशेजारी असते, आणि माझी बदली झाली की चार्ज देताना तिचीही सही घेऊनच मी देणार आहे.